तुमच्या रडण्याने त्यांचा आजार वाढणार नाही

पत्राचा सारांश: सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक म्हणून काम करणाऱ्या भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांच्या पतीचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान असून त्यांना अनेक वर्षे तंबाखूच्या माव्याची सवय होती. गालाच्या आतली, काही केल्या न भरणारी जखम कॅन्सरची निघाली. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले आहेत आणि आता रेडिएशन सुरू व्हायचे आहे. बारावीतल्या मुलाला सगळे ठाऊक आहे. सासूबाईंना आणि आठवीतल्या मुलीला मात्र ‘गाठ काढली’ एवढेच सांगितले आहे. नातेवाइकांचे रोज फोन येतात आणि प्रत्येक जण सांगतो, “तू पॉझिटिव्ह राहा, तू खचलीस तर तोही खचेल.” एका चुलत दिरांचा रेडिएशन टाळून झाडपाल्याचा काढा घेण्याचा आग्रह आहे. या भगिनी लिहितात: “दिवसभर मी हसरा चेहरा ठेवते. रात्री धर्मशाळेच्या न्हाणीघरात नळ सोडून रडते. मनात वाईट विचार आला की वाटते, याचा परिणाम त्यांच्यावर होईल. कधी कधी त्यांचाच इतका राग येतो की मला माझी लाज वाटते. माझा स्वतःवरचा ताबा सुटत चालला आहे. सकारात्मक कसे राहायचे, ते सांगा.”

ताई,

तुमच्या पत्रात एक समजूत इतकी खोल रुतलेली आहे की तुम्ही ती प्रश्न म्हणून विचारलेलीसुद्धा नाही. तुमच्या मनात येणारा वाईट विचार त्यांच्या शरीरापर्यंत पोहोचतो आणि तुमचा धीर सुटला तर आजार बळावतो, असे तुम्ही धरून चालला आहात. सकारात्मक कसे राहायचे याकडे वळण्यापूर्वी हे ओझे उतरवणे मला अधिक गरजेचे वाटते, कारण तुमची झोप, तुमचे रडणे आणि तुम्हाला वाटणारी लाज या तिन्हींच्या मुळाशी तेच आहे.

योगायोग असा की याच प्रकारच्या कॅन्सरबाबत हा प्रश्न नीट तपासला गेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये डोके आणि मान या भागांतील कॅन्सरच्या 1,093 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांची मनःस्थिती उपचारांच्या सुरुवातीला मोजलेली होती आणि पुढे कोण किती काळ जगले याची नोंद ठेवलेली होती. मन प्रसन्न असलेले अधिक जगले किंवा खचलेले लवकर गेले, असे त्यात दिसले नाही. ही गोष्ट खुद्द रुग्णांच्या मनाची आहे. मग त्यांच्या शेजारी बसलेल्या पत्नीच्या मनात मध्यरात्री काय येऊन गेले, याने गालातल्या पेशींचे काही बिघडेल असे मानायला कोणताच आधार उरत नाही. तुम्ही न्हाणीघरात रडलात म्हणून काहीही वाईट घडलेले नाही आणि घडणारही नाही.

याचा अर्थ मनाची काळजी घेऊ नये असा नाही. दीर्घ उदासीत माणूस जेवत नाही, गोळ्या चुकवतो, ‘आज नको’ म्हणून उपचाराला जायचे टाळतो, आणि त्याचे परिणाम खरोखर होतात. परंतु मन आणि उपचार यांचा संबंध जोडला जातो तो अशा रोजच्या कृतींमधून, आणि कृतींकडे लक्ष देता येते. चोवीस तास विचारांवर पहारा ठेवणे कोणालाही शक्य नाही. तसा पहारा ठेवायला गेलेला माणूस थकतो आणि थकला की स्वतःला दोष देतो. तुमचे नेमके हेच झाले आहे.

तुमच्या घरात वारीची परंपरा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ‘श्रद्धा असेल तर मनात शंका कशाला’ असे तुम्हाला घरातूनच ऐकवले जाते, म्हणून हेही सांगते. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ते दुःख त्यांनी झाकून ठेवले नाही, स्वतःच्या अभंगांत मांडले. जनाबाईंनी तर विठ्ठलाला सरळ बोल लावले. आपल्या संतांनी देवासमोर हसरा चेहरा धरून ठेवलेला नाही. मग तुम्ही धर्मशाळेत तो का धरून ठेवावा?

आता ताब्याबद्दल. आजार किती पसरला होता, गाठी निघाल्या की नाही, शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल काय म्हणतो, हे ठरून गेलेले आहे आणि त्यावर कोणाचाच ताबा नाही. पण पुढच्या दोन-अडीच महिन्यांत बरेच काही तुमच्या आणि त्यांच्या हातात आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेख फार थोडा आला आहे, म्हणून त्यावर मी थोडे विस्ताराने लिहिते.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतरचे रेडिएशन शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे असा प्रयत्न असतो. तीन आठवडे गेलेले आहेत, म्हणजे वेळ आहे, पण ढिलाईला जागा नाही. सुरू झाल्यावर ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालते. मधले दिवस चुकले तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला अवधी मिळतो आणि उपचाराचा जोर कमी होतो. म्हणून एकही दिवस न चुकवणे हे या काळातले सर्वांत मोठे काम आहे. तुमच्या दिवसभराच्या हास्यापेक्षा त्यांची न चुकलेली हजेरी कितीतरी अधिक उपयोगाची आहे. या दृष्टीने राहण्याचा प्रश्न आधी सोडवा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात; सध्याच्या जागेची मुदत उपचार संपण्याआधी संपत असेल तर आजच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन बोला. तिथल्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: हेच रेडिएशन बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलसारख्या घराजवळच्या केंद्रात, त्यांच्याच सल्ल्याने घेणे योग्य ठरेल का? प्रत्येक रुग्णाबाबत उत्तर ‘हो’ असेलच असे नाही आणि ते डॉक्टरांनीच द्यायचे आहे. पण होकार मिळाला तर मुले, सासूबाई, तुमची नोकरी या सगळ्यांचा ताण एकदम हलका होईल. विचारायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट खाण्याची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटते, चव जाते, गिळताना वेदना होतात, आणि शेवटचा टप्पा व त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत कठीण असतात. हे आधी माहीत असले म्हणजे त्या दिवशी ‘आजार परत आला’ अशी भीती वाटत नाही. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. घरचे वरण, ताक, नाचणीची पेज, दुधातला शिरा असे मऊ आणि पातळ पदार्थ आहारतज्ज्ञांना दाखवून ठरवा. तिखट आणि आंबट तर त्यांना सोसणारच नाही. नाकातून नळी घालावी लागली तर ती हार समजू नका, कारण पोटात अन्न जात राहिले तरच उपचार अखंड चालू राहतात. रेडिएशनपूर्वी दातांची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या. नंतर दात काढावा लागला तर जबड्याच्या हाडाला धोका असतो, म्हणून हे आधीच करतात. तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवलेले असतील; दुखते म्हणून तेच पहिल्यांदा सुटतात आणि मग घास जाण्याइतकेही तोंड उघडत नाही. ताप आला, पाणीही गिळता येईना, रक्त येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

ही कामे मी तुम्ही एकटीने करायची म्हणून सांगत नाही. पत्र वाचताना मला जाणवले की औषधांच्या वेळा, फायली, पैसे, दुकानाचे फोन असे सारे तुम्ही स्वतःकडे घेतले आहे आणि त्यांच्याकडे काहीच उरलेले नाही. पंप बिघडला की ज्यांच्याकडे अर्धा तालुका धावत येत होता, त्या माणसाला आज पाणी केव्हा प्यायचे हेही दुसरे कोणी सांगते. ताबा त्यांचाही सुटलेला आहे. वजनाची वही त्यांच्या हाती द्या. व्यायामाची वेळ त्यांनाच ठरवू द्या. दुकानातला मुलगा काही अडले की विचारतो, त्याला त्यांनीच मोबाइलवर लिहून उत्तर द्यावे. बोलणे अजून स्पष्ट नसेल तर उशाशी एक पाटी किंवा वही असू द्या, आणि त्यांचे लिहून होईपर्यंत थांबा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

काढ्याबद्दल मला कठोरपणे लिहावे लागेल. रेडिएशनऐवजी काढा हा पर्यायच नाही. दीर मायेपोटी बोलत असतील, पण त्यांचे ऐकून वाया गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. रेडिएशनच्या सोबत म्हणून काही द्यायचे असले तरी आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवा, कारण काही पदार्थ औषधांना अडथळा करतात. दिरांशी वाद घालण्यात शक्ती खर्च करू नका. “डॉक्टरांनी मनाई केली आहे” एवढे म्हणून विषय थांबवण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि त्याउपर आग्रह झाला तर तो फोन तुमच्या भावाने किंवा मुलाच्या मामीने घ्यावा. किंबहुना सगळेच फोन एका माणसाकडे वळवा. त्याने रोज संध्याकाळी नातेवाइकांच्या गटावर चार ओळी टाकाव्यात आणि तुम्ही तो गट आवाज बंद करून ठेवावा.

अशा घरी फोन करणाऱ्या वाचकांनाही इथे एक विनंती आहे. ‘पॉझिटिव्ह राहा’ असे सांगितल्याने समोरच्या स्त्रीला आधार मिळत नाही, तिच्यावर आणखी एक काम पडते. त्याऐवजी बारावीच्या मुलाचा डबा आठवडाभर मी देते, सासूबाईंना शनिवारी मी दवाखान्यात नेतो, असे नेमके सांगा. ‘काही लागले तर कळव’ हे वाक्य ऐकून कोणीही काही कळवत नाही.

आता तुमच्या रागाविषयी. माव्याबद्दल तुम्ही वर्षानुवर्षे सांगत होता आणि त्यांनी ऐकले नाही. आता शिक्षा सगळ्या घराला झाली आहे. राग येणारच. तो आला म्हणून तुमचे प्रेम खोटे ठरत नाही. पण त्याच्या जोडीला हेही लक्षात असू द्या की सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे ते मिश्रण सुटणे अवघड असते, कारण निकोटिनची शरीराला सवय जडते. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी झाली, तरी मावा-खर्रा टपरीवर हातासरशी मिळत राहिला. ते हट्टी होते, हे खरे असेल. ते अडकलेले होते, हेही तितकेच खरे आहे. हा राग आज त्यांच्यासमोर काढू नका. त्यांना ते कळत नाही असे नाही, आणि अपराधी वाटणारा माणूस वेदना लपवतो, जे उपचारांत परवडणारे नाही. तो दाबूनही टाकू नका. बहीण, मैत्रीण, धर्मशाळेतल्या शेजारच्या खोलीतली बाई, कोणाजवळ तरी शब्द न निवडता बोलून घ्या. तुमच्यासारखाच राग पोटात घेऊन बसलेल्या किती जणी त्या इमारतीत आहेत, हे पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. मुलाशी मात्र तंबाखूबद्दल आत्ताच स्पष्ट बोला, त्याने हात लावला आहे की नाही हे न घाबरवता विचारा, आणि गरज असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकाची मदत घ्या.

मुलीला आणि सासूबाईंना अंधारात ठेवण्यामागे माया आहे, हे मला दिसते. तरीही ज्या घरात बारावीतल्या भावाला माहीत आहे, फोनवर रोज कुजबुज होते आणि वडील महिना-दीड महिना परळला आहेत, त्या घरातली 13 वर्षांची मुलगी अज्ञानात नाही. ती एकटी आहे. तिने कोठेतरी काहीतरी ऐकलेले असणार आणि विचारायची सोय नसल्यामुळे त्यातले सर्वांत वाईट तिने खरे मानलेले असणार. या वयाच्या मुलांना साधारणपणे माझ्यामुळे हे झाले का, मला होईल का, आणि आईबाबा नसतील तर माझ्याकडे कोण पाहील, अशा भीती असतात. त्या भीतींना उत्तर देणारे साधे बोलणे पुरे आहे: “बाबांना तोंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झाले आहे, आता सहा आठवडे किरणांचे उपचार आहेत. हा आजार जवळ बसल्याने होत नाही. तुझ्यामुळे झालेला नाही. बाबांचा चेहरा आणि बोलणे थोडे बदलले आहे. पुढचे जे कळेल ते मी तुला आधी सांगेन.” ‘नक्की बरे होतील’ असे वचन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. ‘तुझ्यापासून लपवणार नाही’ हे वचन द्या, ते पाळता येते. हे सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. रडूनही आई संध्याकाळी वरण-भात लावते, हे तिला दिसेल.

सासूबाईंना आधी तुमच्या पतींना विचारून आणि शक्य तर त्यांच्याच तोंडून सांगा. तो निर्णय आईचा मुलगा म्हणून त्यांचा आहे.

ते तुम्हाला विचारतात, “सगळे ठीक होईल ना?” आणि तुम्ही झटकन ‘हो’ म्हणून विषय बदलता. त्या प्रश्नाचे खरे उत्तर तुमच्याकडे नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. पुढच्या वेळी ‘हो’ म्हणण्याआधी थोडे थांबून विचारा, “तुम्हाला आज कशाची भीती वाटते?” कदाचित ते रेडिएशनच्या वेळी डोके स्थिर ठेवायला घालतात त्या मुखवट्याबद्दल बोलतील, कदाचित कर्जाबद्दल, कदाचित आरशाबद्दल. प्रत्येकाला उत्तर असेलच असे नाही. पण दोघेही एकमेकांना सांभाळण्यासाठी गप्प राहता आणि दोघेही रात्री जागे असता, ही स्थिती तरी बदलेल.

पैशांबाबत थोडक्यात. तुम्ही जमीन गहाण ठेवण्याचा विचार करत आहात; त्याआधी रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन समाजसेवा विभाग आणि सरकारी योजनेसाठी रुग्णालयात मदत करणारे आरोग्यमित्र यांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि संलग्न रुग्णालयांत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया व रेडिएशन त्यात बसतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. गहाणखताचा निर्णय पतींशी बोलल्याशिवाय घेऊ नका, मग त्यांना त्रास नको म्हणून का असेना.

आणि तुम्ही. रात्री मोबाइलवर जगण्याच्या टक्केवाऱ्या शोधणे थांबवा. त्या हजारो अनोळखी रुग्णांच्या असतात आणि तुमच्या पतींचा अहवाल त्या लिहिणाऱ्याने पाहिलेला नसतो. शंका वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. रडायचे असेल तर नळ न सोडता रडा, शेजारच्या बायकांना ते आवाज परके नाहीत. दिवसातून एकदा तरी रुग्णालयाच्या आवाराबाहेर पायी जाऊन या, त्या वेळी त्यांच्याजवळ मुलगा किंवा भाऊ असू दे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, छातीत धडधड होत असेल, तर तुमच्यासाठी म्हणून डॉक्टरांकडे जा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या, मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी फोन सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटण्यासारखा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवड्यांची वाट पाहू नका, त्याच क्षणी हा फोन लावा किंवा कोणाला तरी जवळ बोलवा.

शेवटचा मुद्दा रजेचा. रेडिएशन संपले की सारे पूर्ववत होईल असे धरून तुम्ही शिल्लक रजा एकदम टाकणार आहात. तोंडाच्या जखमा भरायला पुढे काही आठवडे लागतात, आणि पहिली दोन वर्षे तपासण्या बऱ्याच जवळजवळच्या अंतराने असतात. प्रत्येक तपासणीच्या आधी आठवडाभर घर पुन्हा असेच अस्वस्थ होईल. म्हणून पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना पूर्ण कल्पना द्या, शस्त्रक्रियेचे कागद दाखवा, काही दिवस बिनपगारी किंवा अर्धवेळ करता येतील का ते विचारा, आणि निदान काही दिवसांची रजा त्या तारखांसाठी मागे ठेवा. मुलाच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत तुम्ही गावी आणि तुमचा भाऊ मुंबईत, अशी अदलाबदल करता आली तर तीही आत्ताच ठरवून टाका.